जिंबोचोची करी आणि तिच्यासाठीची रांग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीला येणारे नातेवाईक, आठवड्याभरासाठी कामाला आलेले लोक, पुण्यात जपानी शिकून पहिल्यांदाच तोक्योत उतरलेली मुलं-मुली, तोक्योतल्या भारतीयांच्या वस्तीत, निशि-कासाइला राहून जिंबोचोला कधी न गेलेले शेजारी. या सगळ्यांचे मेसेज फिरून फिरून त्याच प्रश्नांवर येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. ती जिंबोचो डोळ्यांसमोर ठेवून लिहिली असली, तरी दहा-बारा खुर्च्यांच्या कुठल्याही जपानी करीच्या हॉटेलात बरीचशी लागू पडतील. शाकाहारी मंडळींनी आधी प्रश्न ९ वाचावा, मग जायचं की नाही ते ठरवावं.

१. जिंबोचो नेमकं कुठे आहे आणि करी खायला तिथेच का जायचं?

तोक्योच्या चियोदा भागात. हान्झोमोन, तोएइ शिंजुकु आणि तोएइ मिता या तिन्ही भुयारी रेल्वेमार्गांचं स्टेशन तिथे आहे, त्यामुळे कुठूनही सोपं पडतं. हा जुन्या पुस्तकांचा बाजार. आपल्याकडचा अप्पा बळवंत चौक घ्या आणि त्यात जुन्या, दुर्मिळ पुस्तकांची दुकानं कित्येक पटींनी वाढवा. मेइजी, निहोन, सेन्शु ही विद्यापीठं जवळच आहेत. विद्यार्थ्यांना स्वस्त, पोटभर आणि एका हाताने खाता येईल असं जेवण लागायचं, दुसऱ्या हातात नुकतं घेतलेलं पुस्तक, म्हणून इथे करी रुजली असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोड आहे. पण पुस्तकाची पिशवी पायाशी ठेवून एकटं जेवणारी माणसं आजही प्रत्येक हॉटेलात दिसतात. २०११ मध्ये इथे 'कांदा करी ग्रां प्री' ही स्पर्धा सुरू झाली (हा कांदा म्हणजे या परिसराचं नाव, भाजीतला नव्हे) आणि रांगा आणखी लांबल्या.

२. जपानी करी म्हणजे आपला रस्साच ना? त्यासाठी तासभर उभं का राहायचं?

रस्सा समजून गेलात तर निराश व्हाल. नेहमीच्या जपानी करीचा पाया लोणी किंवा चरबीत परतलेला मैदा आणि करी पावडर. त्यामुळे ती दाट, गुळगुळीत आणि थोडी गोडसर असते. फोडणी नाही, कोथिंबीर नाही, ओलं खोबरं नाही. जिंबोचोत 'युरोपीय पद्धतीची' करी जास्त प्रसिद्ध आहे. तिच्यात बराच वेळ परतलेला कांदा, मांसाचा अर्क, फळं आणि बऱ्याचदा रेड वाइन असते. हा मसाल्यांपेक्षा सॉसचा पदार्थ आहे. घरच्या चवीशी तुलना न करता खाल्लात तर उभं राहिल्याचं सार्थक होतं. आईच्या हातच्या कोंबडी रश्श्याची आठवण येत असेल, तर त्या दिवशी निशि-कासाइतल्या एखाद्या भारतीय हॉटेलात जावं. त्यात कमीपणा काही नाही.

३. पहिल्यांदाच जातोय. कुठलं हॉटेल निवडू?

तीन नावं सांगतो, तिघांचा स्वभाव वेगळा.

बोंडी हे १९७३ पासूनचं, युरोपीय पद्धतीचं. कांदा कोशो सेंटर या जुन्या पुस्तकांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर (आपल्या मोजणीने पहिल्या) आहे आणि वाट मागच्या बाजूने जाते, त्यामुळे नवा माणूस समोरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरून गोंधळतो. करीच्या आधी लोण्यासोबत उकडलेले बटाटे येतात, भातावर चीज भुरभुरलेलं असतं, सॉस वेगळ्या भांड्यात.

क्योएइदो हे १९२४ पासूनचं, तळघरातलं. त्यांची 'सुमात्रा करी' काळपट, पातळसर आणि किंचित कडवट असते. तिला मैद्याचा दाटपणा नाही. सोबत सूप येतं. थंडीच्या मोसमात भाजलेलं अख्खं सफरचंद मिळतं, ते चुकवू नका. माझं मत विचाराल तर मसाल्यांची सवय असलेल्या जिभेला या तिघांत हीच करी लवकर पटते.

इथिओपिया १९८८ चं. नाव इथिओपियाच्या कॉफीवरून आलेलं आहे, जेवणाशी त्या देशाचा संबंध नाही. तिखटपणा आकड्याने सांगायचा असतो. त्याबद्दल प्रश्न १२.

घाईत असाल आणि खिसा सांभाळायचा असेल, तर मान्तेनसारखी निव्वळ काउंटरची हॉटेलं आहेत. तिथली रांग लांब दिसते पण भराभर सरकते.

४. समोर वीस माणसं आहेत. किती वेळ लागेल?

माणसं मोजू नका, खुर्च्या मोजा. काउंटरवर माणूस बसल्यापासून उठेपर्यंत साधारण वीस-पंचवीस मिनिटं जातात. दहा खुर्च्या आणि पुढे वीस जण असतील तर दोन पंगती उठायला हव्यात, म्हणजे पाऊण तास किंवा थोडा जास्त. टेबलांच्या, युरोपीय पद्धतीच्या हॉटेलात लोक जरा निवांत बसतात, तिथे पंगत पस्तीस-चाळीस मिनिटांची धरा. जिन्यावर रांग असेल तर खालून दिसते ती अर्धीच असते. एकदा वर जाऊन बघून या आणि मग ठरवा.

५. कुठल्या वेळी गेलं तर कमी थांबावं लागेल?

आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी दोननंतर. बारा ते एक ऑफिसवाल्यांची वेळ, तेव्हा अजिबात नको. हॉटेल उघडायच्या वीस मिनिटं आधी जाणं हा दुसरा मार्ग. पहिल्या पंगतीत बसलात तर जिंकलात. पण पहिल्या पंगतीत जागा थोडक्यात हुकली, तर सगळे एकदमच बसलेले असल्यामुळे बराच वेळ कोणी उठत नाही.

शनिवार-रविवारी पर्यटक आणि पुस्तकवेडे दोन्ही येतात, रांग दिवसभर असते. हा ऑफिसांचा भागही असल्याने काही हॉटेलं रविवारी बंदच असतात, ते आधी पाहून घ्या. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथे जुन्या पुस्तकांचा मोठा महोत्सव भरतो. त्या दिवसांत पुस्तकं घ्या, करी नंतर कधीतरी.

पावसात रांग कमी असते हे खरं आहे. जून-जुलैत याचा फायदा घ्या, छत्री मात्र लहान आणा.

६. आधी फोन करून टेबल राखून ठेवता येतं का?

लहान हॉटेलात बहुधा नाही. जास्तीत जास्त दाराशी एक वही किंवा कागद असतो. त्यावर नाव (काताकाना लिपीत लिहिलंत तर हाक मारणाऱ्याला सोपं), किती जण आणि काउंटर चालेल की टेबलच हवं, ते लिहायचं. आडनाव लांब असेल तर छोटं करून लिहा. 'कुलकर्णी'चं 'कुरु' झालं तरी बिघडत नाही, हाक आली की ओळखता आलं पाहिजे. नाव लिहून फिरायला गेलात आणि हाकेला नसलात, तर नाव खोडलं जातं. परत आल्यावर पुन्हा शेवटून सुरुवात. हल्ली काही ठिकाणी मोबाइलवर नंबर घेता येतो. दाराजवळ चौकोनी कोड चिकटवलेला असेल तर आधी तो बघा आणि मग रांगेत उभे राहा.

७. आम्ही चौघं आहोत. एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी पुस्तकं बघून यायचं, चालेल ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दर वेळी हेच. मागच्यांच्या हिशोबाने पुढे एक माणूस होता, दारापाशी तो चार झाला, हे इथे घुसखोरीच समजतात. कोणी भांडणार नाही, पण नजरा कळतील. कित्येक हॉटेलं सगळे हजर असल्याशिवाय आत घेतच नाहीत, तशी पाटीही असते.

स्वच्छतागृहात जायचं असेल तर मागच्या माणसाला 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणून, हाताने खूण करून जा आणि लगेच परत या. तेवढं चालतं.

आणखी एक. रांग शेजारच्या दुकानाच्या दारासमोर तोडलेली असते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. मोकळी जागा दिसली म्हणून तिथे उभे राहू नका, शेवट पलीकडे आहे. कधी शेवटच्या माणसाजवळ 'साइकोबि' (रांगेचा शेवट) अशी पाटी असते, ती शोधा. शंका आली तर बोटाने दाखवून "साइकोबि?" एवढंच विचारा, लोक आनंदाने सांगतात.

८. दारात मशीन आहे. आधी पैसे भरायचे?

हो. त्या मशीनमधून जेवणाचं कुपन घ्यायचं, त्याला 'शोक्केन' म्हणतात. आधी नोट घालायची, मग बटण दाबायचं, कुपन आणि सुटे पैसे घ्यायचे आणि बसल्यावर कुपन काउंटरवर ठेवायचं. काही ठिकाणी रांगेत लागण्यापूर्वीच कुपन घ्यायचं असतं, काही ठिकाणी आत गेल्यावर. पुढचा माणूस काय करतो ते पाहिलं की कळतं.

खरी अडचण नोटांची. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या आणि जुन्या मशीन त्या घेत नाहीत. दहा हजारांची नोट तर जुन्या मशीनमध्ये नव्या-जुन्या दोन्ही रूपांत नाकारली जाऊ शकते. एक हजारांच्या दोन-तीन जुन्या नोटा आणि थोडी नाणी जवळ ठेवा. कार्ड चालेल अशा भरवशावर लहान हॉटेलात जाऊ नका.

मशीन नसेल तर बऱ्याचदा रांगेतच मेनू हातात देतात आणि तिथेच ऑर्डर घेतात. म्हणजे आत जाऊन "बघू या काय काय आहे" हा प्रकार नाही. बाहेरच ठरवून ठेवायचं.

९. मी शाकाहारी आहे. 'भाज्यांची करी' असते ना, ती मागवली की झालं?

नाही झालं. इथे स्पष्टच लिहितो, कारण यावरून लोकांचा हिरमोड होताना बघितला आहे.

'भाज्यांची करी' म्हणजे वर भाज्या घातलेली करी. खालचा सॉस तोच, मोठ्या पातेल्यातला. त्यात गाय, डुक्कर किंवा कोंबडीच्या हाडा-मांसाचा अर्क असतो आणि मैदा परतायला अनेकदा प्राण्यांची चरबी वापरलेली असते. सॉस आदल्या दिवसापासून शिजत असतो. तुमच्यासाठी वेगळा करणं दहा खुर्च्यांच्या हॉटेलाला शक्य नाही. "मांस काढून द्या" असं म्हणालात तर वाढणारा प्रामाणिकपणे तुकडे बाजूला काढून देईल आणि त्याच्या मते तुमचं काम झालं. त्याची चूक नाही. मासे किंवा मांसाचा अर्क चालत नाही म्हणजे काय, हे तिथल्या जेवणात सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की अर्क चालत नसेल तर जिंबोचोतल्या प्रसिद्ध रांगांमध्ये उभे राहू नका. दाराशी जाऊन वाटाघाट करण्यापेक्षा हॉटेल आधी निवडा. कोकोइचिबान्या या साखळीच्या बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक न घालता केलेला वेगळा भाजी सॉस मिळतो. मेनूवर तसं लिहिलेलं असतं, पण सगळ्या शाखांत नसतो, दारातच खात्री करा. त्यावर घ्यायचे तळलेले पदार्थ मांसाबरोबर एकाच तेलात तळले जातात, ते टाळा. जपानी करीची चव कशी असते ते कळायला एवढं पुरे. बाकी तोक्योत व्हीगन करी करणारी छोटी हॉटेलं आहेत आणि तिथे रांगही कमी असते.

अंडं चालतं, अर्काचा त्रास नाही, फक्त मांसाचा तुकडा तोंडात नको, असे 'जमवून घेणारे' शाकाहारी असाल तर चीजची किंवा भाज्यांची करी घ्या. तो तुमचा निर्णय, पण माहिती असून घेतलेला असावा.

१०. बाकी सगळं चालतं, फक्त बीफ नको. मग?

मग बरंच सोपं आहे, पण पूर्ण सोपं नाही. कोंबडीची किंवा कोळंबीची करी मागवलीत तरी सॉसमध्ये बीफचा अर्क असू शकतो, युरोपीय पद्धतीत तर हमखास. तुकडे नकोत एवढंच असेल तर चिकन मागवा. अर्कही नको असेल तर विचारा: "सोसु नि ग्युनिकु वा हाइत्तेइमासु का?" म्हणजे सॉसमध्ये बीफ आहे का. डुकराचं मांस विचारायचं असेल तर 'ग्युनिकु'च्या जागी 'बुतानिकु' म्हणा. रांगेत ऑर्डर घ्यायला येतात तेव्हाच विचारायचं. आत बसून विचारलंत आणि उत्तर 'हो' आलं, तर उठून जाणं अवघड होतं.

'कात्सु करी'मधला कात्सु (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा तुकडा) सहसा डुकराच्या मांसाचा असतो. कोंबडीचा असेल तर 'चिकिन कात्सु' असं वेगळं लिहितात.

११. जैन जेवण, कांदा-लसूण वर्ज्य, चातुर्मास?

जमणार नाही. कांदा हा या करीचा कणा आहे. प्रश्न ९ मधले पर्यायही इथे लागू पडत नाहीत.

१२. आम्ही कोल्हापूरचे. सगळ्यात तिखट मागवायची ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय पद्धतीच्या हॉटेलात तीनच पायऱ्या असतात: 'अमाकुचि' गोडसर, 'चुकारा' मध्यम, 'काराकुचि' तिखट. इथे काराकुचि बेधडक मागवा. कोल्हापूरकर तर सोडाच, सदाशिव पेठेलाही झेपेल.

आकड्यांची हॉटेलं वेगळी. इथिओपियात ० पासून ७० पर्यंत आकडे आहेत. वरच्या आकड्यांना पैज म्हणून मागवणारे असतात. पण एका मर्यादेनंतर चव कडवट होते आणि बाकीचे मसाले कळेनासे होतात. पहिल्या वेळी एक आकडी संख्या घ्या. आवडलं तर पुढच्या खेपेला वाढवा. हॉटेलात कोणी तुमची परीक्षा घेत नाहीये, आणि ताटात टाकून उठणं इथे फार वाईट दिसतं.

१३. ताट मोठं असतं म्हणे. दोघांत एक घेतलं तर?

आत बसणाऱ्या प्रत्येकाने एक तरी पदार्थ मागवायचा, हा जवळजवळ सगळीकडचा नियम आहे. खुर्च्या मोजक्या असल्यामुळे हॉटेलवाल्याचा हिशोब खुर्चीवर चालतो. खाणं कमी असेल तर "गोहान सुकुनामे" म्हणा, भात कमी वाढतात. जास्त हवा असेल तर 'ओमोरि'. काही ठिकाणी जास्तीच्या भाताचे पैसे पडत नाहीत, काही ठिकाणी पडतात. भात आखूड, चिकट दाण्याचा असतो आणि दिसतो त्यापेक्षा पोटात जड जातो. बोंडीत आधी बटाटे खाऊन वर ओमोरि मागवणाऱ्यांबद्दल मला आदर आणि काळजी दोन्ही वाटतात.

उरलेलं बांधून मिळेल का, हाही प्रश्न याच्याच जोडीला येतो. बहुधा नाही, त्यामुळे बेतानेच मागवा.

१४. न मागवलेले बटाटे आले, लोणचं समोर आहे, सूपही आलं. याचे वेगळे पैसे लागतात?

करीबरोबर आलेलं सगळं त्याच किमतीत असतं. टेबलावरची लोणचीही फुकट, आपल्या हाताने घ्यायची. लालसर दिसतं ते 'फुकुजिनझुके', म्हणजे मुळा, वांगं, कमळकाकडी वगैरे भाज्यांचं गोडसर, कुरकुरीत लोणचं. पांढरे छोटे कांदे म्हणजे 'राक्क्यो'. थोडं घ्या, संपलं की पुन्हा घ्या. वाटीभर काढून ठेवू नका. लस्सी मात्र मेनूवरची, तिचे पैसे पडतात.

बटाट्याबद्दल दोन मतं आहेत. काही जण आधीच लोण्याबरोबर संपवतात, काही करी येईपर्यंत थांबून सॉसमध्ये कुस्करतात. मी एक आधी खातो, एक राखून ठेवतो.

१५. हाताने खाल्लं तर चालेल? आणि भात कालवायचा की नाही?

हाताने नको, चमचाच. काट्याने किंवा चॉपस्टिकने करी-भात कोणी खात नाही.

कालवायचं म्हणाल तर नेहमीची पद्धत अशी: सॉस वेगळ्या भांड्यात आला तर थोडा थोडा भातावर घ्यायचा, आणि एकाच ताटात असेल तर भात आणि करीच्या सीमेवरून खात जायचं. सगळं एकदम कालवलेलं ताट इथल्या लोकांना गबाळं वाटतं. पण याला एक लाडका अपवाद आहे, हिगाशि-गिंझाचं नायर्स रेस्टॉरंट. स्वातंत्र्यलढ्यातले ए. एम. नायर यांनी १९४९ मध्ये ते सुरू केलं. तिथे 'मुरुगी लंच' मागवलंत की वाढणारे स्वतःच सांगतात, नीट कालवून खा. भात, कोंबडी, कोबी, बटाटा सगळं एकत्र. आपल्याला सांगावं लागत नाही, पण ऐकून बरं वाटतं.

१६. जेवण झाल्यावर किती वेळ बसता येतं?

बाहेर रांग असेल तर पाणी प्यायचं आणि उठायचं. गप्पांसाठी जिंबोचोत जुनी कॉफीहाउसं भरपूर आहेत, मंडळी करीनंतर तिकडेच वळतात. ताट वरच्या कट्ट्यावर ठेवायची पद्धत असेल तर तसं करा. निघताना "गोचिसोसामा" म्हणायचं, म्हणजे जेवणाबद्दल आभार.

१७. आईबाबा आणि लहान मुलगी सोबत आहेत. नेऊ का?

आईबाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी जिना बघा. तळघर किंवा दुसरा मजला, अरुंद पायऱ्या आणि रांगही जिन्यावरच, असा प्रकार सर्रास आहे. बसायला स्टूल मिळेलच असं नाही. काउंटरच्या उंच खुर्च्या साडीत अवघड जातात.

मुलांबाबत प्रत्येक हॉटेल वेगळं. बाबागाडी आत जात नाही, वेगळी उंच खुर्ची क्वचितच असते आणि काही ठिकाणी लहान मुलांना आणू नका अशी पाटी असते. टेबलांचं हॉटेल निवडा आणि दुपारी अडीचच्या सुमारास जा. मुलीसाठी अमाकुचि मागवा, जपानी मुलांची ती लाडकी असते.

१८. आम्ही सहा जण आहोत. एकत्र बसता येईल?

बहुधा नाही. दोन-दोन, तीन-तीन असे विभागून बसायला तयार आहोत हे दारातच सांगितलंत तर लवकर आत घेतात. अनोळखी माणसाबरोबर एकाच टेबलावर बसवायलाही विचारतात. त्याला 'हो' म्हणायचं, आपल्याकडच्या खाणावळीत बसतो तसंच. सहा जणांनी एकत्रच बसायचा हट्ट असेल तर हे हॉटेल तुमच्यासाठी नाही.

१९. माझ्या मागच्या माणसाला माझ्याआधी आत घेतलं! हा परका म्हणून भेदभाव का?

जवळजवळ नेहमी कारण साधं असतं. तुम्ही दोघं होता आणि काउंटरवर एकच खुर्ची रिकामी झाली, तर मागच्या एकट्याला बोलावतात. वहीत तुम्ही 'टेबलच हवं' असं लिहिलं असेल (प्रश्न ६) तर काउंटर रिकामा होऊनही तुम्हाला बोलावणार नाहीत. तिसरी शक्यता म्हणजे तो घरी न्यायचं पार्सल घ्यायला आलेला असतो. एकट्याने जाण्याचा हा मोठा फायदा आहे. करीच्या हॉटेलात एकटं जेवणं इथे नेहमीचंच आहे, कोणी वळूनही बघत नाही.

यातलं काहीच नसेल तर शांतपणे विचारा. वहीत नाव लिहायचं राहून गेलं असेल, असंही होतं.

२०. फोटो, व्हिडिओ?

आपल्या ताटाचा फोटो पटकन काढा. स्वयंपाकघर, इतर गिऱ्हाइकं, रांगेतले चेहरे नको. व्हिडिओ काढायचाच असेल तर विचारून.

२१. साधारण खर्च किती? टिप द्यायची?

युरोपीय पद्धतीच्या हॉटेलात माणशी साधारण बाराशे ते अठराशे येन, वर काही जादा मागवलं तर त्याचे वेगळे. काउंटरच्या साध्या हॉटेलात बरंच कमी. टिप देत नाहीत. टेबलावर पैसे ठेवून गेलात तर विसरलात असं समजून मागून धावत येतील.

२२. मला गव्हाची ॲलर्जी आहे. मैदा नसलेली करी मिळेल का?

नेहमीची करी मैद्यावरच उभी असते, ती नको. क्योएइदोसारखी मैद्याशिवाय केलेली करी असते, पण ॲलर्जी तीव्र असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. लहानशा स्वयंपाकघरात सोया सॉस आणि इतर सॉसमधून गहू शिरतो, भांडी आणि पळ्याही सामाईक असतात. पाकीटबंद पदार्थांवर गहू, दूध, अंडं, कोळंबी अशांची नोंद जपानमध्ये सक्तीची आहे, हॉटेलांना मात्र ती सक्ती नाही. म्हणून ॲलर्जी जपानीत लिहिलेला कागद सोबत ठेवा. हॉटेलवाल्याने नकार दिला तर आभार मानून निघा, तो तुमच्याच भल्याचं सांगतो आहे.

२३. जपानमध्ये करी एका भारतीय क्रांतिकारकाने आणली, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरतं तेवढं खरं नाही, पण मुळात गोष्ट आहे. करी इथे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) इंग्रजांच्या वाटेने आली. १८७२ च्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांत ती आहे आणि १९०८ च्या नौदलाच्या स्वयंपाकाच्या पुस्तकातही आहे. रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पोहोचले. इंग्रज मागावर असताना शिंजुकुच्या नाकामुराया या बेकरीचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना आसरा दिला. पुढे त्यांच्या तोशिको या मुलीशी बोस यांचं लग्न झालं. १९२७ मध्ये नाकामुरायाने बोस यांच्या पद्धतीची 'अस्सल भारतीय करी' विकायला काढली. इंग्रजी वळणाची, मैदा घातलेली करी तोवर सगळीकडे झाली होती; बोस यांनी आग्रह धरला तो आपल्याकडच्या चवीचा. नाकामुराया आजही शिंजुकुत आहे आणि हाडासकट कोंबडी असलेली ती करी तिथे मिळते. हॉटेल मोठं आहे, त्यामुळे या पानावरचे निम्मे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत.

२४. रांगेत उभं राहायला वेळ नाही. पाकीट घेऊन गेलं तर तीच चव येते?

जवळपास. 'कांदा करी ग्रां प्री'तल्या हॉटेलांच्या करीची गरम करून खायची पाकिटं एस अँड बी कंपनी काढते, त्यात बोंडीची चीज करीही आहे. सुपरमार्केटमध्ये मिळतात. घरी न्यायला मसाल्याच्या वड्यांचे डबे घेत असाल तर मागची बाजू वाचा. बऱ्याच वड्यांत बीफ किंवा डुकराची चरबी असते आणि पुढच्या बाजूला फक्त सफरचंद-मधाचं चित्र. शाकाहारी घरात भेट द्यायची असेल तर फोनवर लेबलचं भाषांतर करून बघा किंवा स्पष्टपणे व्हीगन लिहिलेलाच डबा घ्या.

२५. तासभर उभा राहिलो आणि दारापाशी 'संपलं' अशी पाटी लावली. आता काय?

सॉस संपला की हॉटेल बंद, मग वेळ काहीही असो. शक्यतो आतून कोणीतरी येऊन इथपर्यंतच्यांनाच मिळेल असं आधी सांगतं. ते जपानीतच बोलतात, म्हणून रांगेत कोणी काही जाहीर करून गेलं आणि मागची माणसं पांगली, तर शेजाऱ्याला लगेच विचारा. 'उरिकिरे' म्हणजे संपलं. 'जुंबिचु' म्हणजे सध्या तयारी चालू आहे. संध्याकाळी पुन्हा उघडणार असेल तर त्याच पाटीवर वेळ लिहिलेली असते.

खरंच संपलं असेल तर हुज्जत घालू नका, पातेलं रिकामं आहे. यासुकुनि-दोरी या मोठ्या रस्त्यावर या आणि मागच्या गल्ल्यांतून चालायला लागा. पाच मिनिटांच्या आत दुसरं करीचं हॉटेल लागेलच. तिथे सहा-सातच माणसं उभी असतील तर त्यांच्यामागे उभे राहा. रांग लहान म्हणून करी वाईट, असं या भागात तरी नसतं.